दिवसा सुटलेली सवय रात्री का धरावी?

रमजान सुरू झाला की शहराचे वेळापत्रक बदलते. पहाटे सहेरीसाठी घराघरांत दिवे लागतात. दुपारी चहाच्या टपरीवरचे नेहमीचे काही चेहरे दिसेनासे होतात आणि सूर्य मावळायच्या तासभर आधी खजुराच्या, फळांच्या व भज्यांच्या गाड्यांभोवती गर्दी उसळते. ही गर्दी एकट्या मुसलमानांची नसते. खिम्याचे समोसे, मालपुवा आणि फिरनीसाठी शहरातले सगळेच लोक त्या गल्लीत येतात, आणि यावेतच. रमजानच्या बाजाराने जितकी माणसे एकमेकांजवळ आणली असतील, तितकी भाषणांनी आणली नसतील.

पण याच बाजाराची एक दुसरी बाजू दरवर्षी नजरेआड होते. तेरा-चौदा तास अन्नपाणी सोडून रोजेदार शरीराला शिस्त लावतो आणि मगरिबची अजान झाली की तीच शिस्त तळणीच्या कढईत सोडून देतो. रोजाने तब्येत सुधारते, असे सगळेच म्हणतात. ती खरोखर सुधारते की बिघडते, हे रोजा सोडल्यानंतरच्या चार तासांवर ठरते. हृदयाचा प्रश्न असेल तर त्याचा निकाल ईदनंतरच्या अकरा महिन्यांत लागतो.

रमजान एक गोष्ट मात्र नि:संशय सिद्ध करतो. माणसाला सवय सोडता येते. दिवसाला वीस सिगारेटी ओढणारा माणूस पहाटेपासून संध्याकाळपर्यंत एकही ओढत नाही. दर दोन तासांनी चहा लागणारा दिवसभर चहाशिवाय काम करतो. तंबाखूची पुडी खिशात नसेल तर ज्याला चैन पडत नाही, तो तेरा तास तोंड स्वच्छ ठेवतो. डॉक्टरांनी वर्षभर सांगून जे झाले नाही, ते इथे पहिल्या रोजापासून होते. म्हणजे ‘मला जमत नाही’ ही सबब खोटी आहे, याचा पुरावा तो माणूस स्वतःच तीस दिवस देत असतो. प्रश्न इतकाच उरतो, की दिवसा सुटलेली सवय रात्री पुन्हा का धरावी?

हा प्रश्न धर्माचा वाटला तरी छातीतल्या मुठीएवढ्या अवयवाचाही आहे. हृदय दिवसाला साधारण एक लाख वेळा धडधडते. त्याला सुट्टी नसते. त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिन्या मात्र अगदी बारीक असतात. त्यांच्या आतल्या बाजूला चरबीचा थर तरुणपणापासूनच साचू लागतो आणि वर्षानुवर्षे काहीही न दुखता वाढत राहतो. एखाद्या दिवशी तो थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि रक्ताची वाट बंद होते. ‘काल तर धडधाकट होता’ असे मयतीला आलेले लोक म्हणतात. काल तो धडधाकट दिसत होता, एवढेच खरे असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये जगभरात सुमारे १ कोटी ७९ लाख माणसे हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी गेली. एकूण मृत्यूंपैकी जवळपास एक तृतीयांश मृत्यू हे आहेत. यातले किती नशिबाचे आणि किती सवयींचे, याचे उत्तर शोधण्यासाठी ५२ देशांतल्या सुमारे तीस हजार लोकांचा ‘इंटरहार्ट’ नावाचा अभ्यास झाला. केरळमध्ये जन्मलेले, बंगळुरूत वैद्यकीय शिक्षण घेतलेले आणि पुढे कॅनडात स्थायिक झालेले डॉ. सलीम यूसुफ यांनी त्याचे नेतृत्व केले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा होता, की पहिल्या हार्ट अटॅकच्या धोक्यातला ९० टक्क्यांहून अधिक वाटा अवघ्या नऊ मोजता येणाऱ्या गोष्टींचा आहे. धूम्रपान, रक्तातल्या चरबीचे बिघडलेले प्रमाण, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाचा वाढलेला घेर, मनावरचा ताण, रोजच्या जेवणात फळे-भाज्यांचा अभाव आणि अंगमेहनतीचा अभाव या गोष्टी त्यांत होत्या. याच अभ्यासातून पुढे असेही दिसले, की भारत आणि शेजारच्या देशांतल्या माणसाला पहिला अटॅक साधारण ५३ व्या वर्षी येतो, तर इतर देशांत ५९ व्या वर्षी. सहा वर्षे आधी. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण आणि घराचे हप्ते ज्या वयात चालू असतात, नेमके तेच हे वय आहे.

ही यादी वाचून इफ्तारच्या दस्तरखानाकडे पाहावे. कांदाभजी, बटाटाभजी, समोसे, कटलेट, रोल आणि सोबत साखरेने घट्ट झालेले गुलाबी सरबत. पहिल्या दहा मिनिटांत हे सगळे रिकाम्या पोटात जाते. त्यानंतर जेवण, तरावीहहून परतताना नळी निहारी किंवा कबाब, आणि वर काहीतरी गोड. शाबानच्या महिन्यात घरात किती तेल आले आणि रमजानमध्ये किती आले, याचा हिशेब किराणा दुकानदाराच्या वहीत लिहिलेला असतो. उपवासाच्या महिन्यात तेल दुप्पट लागत असेल, तर उपवास नेमका कशाचा झाला, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

हे दुखणे एकट्या मुसलमानांचे नाही. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण मराठी माणसाने स्वतःवरच हसून केलेली आहे. साबुदाण्याची खिचडी, वडे, तळलेले बटाट्याचे पापड आणि शेंगदाण्याचे लाडू खाऊन केलेला उपवास, आणि भजी-समोसे खाऊन सोडलेला रोजा, यांत हृदयाला फरक कळत नाही. त्याला तेल, साखर आणि मीठ एवढेच कळते.

तळणाचे तेल हा तर वेगळाच विषय आहे. गाडीवरची कढई दुपारी पेटते ती रात्रीपर्यंत. उरलेल्या तेलात दुसऱ्या दिवशी नवे तेल ओतले जाते. वारंवार तापलेल्या तेलात शरीराला घातक अशी द्रव्ये तयार होतात. त्यांचे प्रमाण पंचवीस टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरू नये, असा देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०१८ पासून आहे. वनस्पती तुपासारख्या पदार्थांतल्या ट्रान्स फॅटवरही जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आली. ट्रान्स फॅटमुळे रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढते आणि चांगले घटते. नियम चांगले आहेत, पण गल्लीतल्या प्रत्येक कढईपाशी मोजमाप घेऊन कोणी उभे राहत नाही. तेल काळपट झाले असेल, फेसाळत असेल किंवा धुरकटत असेल तर गिऱ्हाइकाने पुढे जावे, हाच तिथला खरा कायदा.

मिठाचेही तसेच आहे. मोठ्या माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा भरेल इतकेही मीठ खाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. यात भाजी-आमटीतले मीठ तर आलेच, शिवाय लोणचे, पापड, फरसाण, खारी, चाट मसाला आणि फळांवर भुरभुरलेले मीठही आले. जास्त मिठाने रक्तदाब वाढतो आणि वाढलेला रक्तदाब दुखत नाही. म्हणूनच तो घातक. सहेरीला लोणचे-पापड खाल्ले की दिवसभर तहानही जास्त लागते. म्हणजे मीठ कमी केले तर हृदयही सांभाळले जाते आणि रोजाही सोपा जातो.

यावर उपाय काही परदेशातून आणायचा नाही. खजूर आणि पाण्याने रोजा सोडावा ही तर पैगंबरांची सुन्नत. पोटाचा एक भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी ठेवावा, ही शिकवणही त्यांचीच. दोन-तीन खजूर, पाणी, कलिंगडाच्या किंवा पपईच्या फोडी, उकडलेले चणे किंवा मोड आलेल्या मुगाची उसळ, एवढ्यावर रोजा सोडून मगरिबची नमाज पढून यावे. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोहोचायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. नमाजला जाऊन येईपर्यंत तेवढा वेळ आपोआप मिळतो. मग भाकरी किंवा चपाती, डाळ, भाजी, कोशिंबीर आणि खाणाऱ्यांसाठी बेताचे मटण-चिकन. भजी खायचीच असतील तर शुक्रवारी खावीत. आठवड्यातून एक दिवस भजी खाण्याने कोणी मरत नाही. तीस दिवस रोज खाल्ल्याने मात्र सवय पक्की होते.

‘वर्षातून एकदाच तर महिना येतो’ असे यावर हमखास ऐकू येते. महिना एकदाच येतो हे खरे. पण त्याच्यामागून ईद येते, लग्नसराई येते, गणपती येतात, दिवाळीचा फराळ येतो आणि शेजारधर्माने प्रत्येकाच्या घरी प्रत्येकाचे ताट जाते. हे ताट जायलाच हवे, तो या शहराचा मोठेपणा आहे. पण सणाचे खाणे सणापुरते राहिले तरच. फळे महाग झाली, भजी स्वस्त पडतात, ही दुसरी तक्रार. ती खोटी नाही. रमजानमध्ये सफरचंद आणि डाळिंबाचे भाव चढतात, हे मजुरी करणाऱ्या माणसाला चांगले ठाऊक असते. पण चणे, मूग, शेंगदाणे, केळी आणि काकडी आजही सामान्य माणसाच्या आवाक्यात आहेत. सफरचंदावाचून हृदयाचे काही अडत नाही.

खाण्याइतकाच चालण्याचा प्रश्न आहे. १९५३ मध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरच्या कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर बसून, तर कंडक्टर दिवसाला पाचशेहून अधिक पायऱ्या चढणारा. दोघे एकाच गाडीवर आणि एकाच वर्गातले. तरीही कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा बराच कमी होत असल्याचे आढळले. व्यायाम आणि हृदय यांचे नाते आकड्यांनी दाखवणारा हा सुरुवातीचा मोठा अभ्यास. त्यासाठी जिम लागली नाही, बसचा जिना पुरला.

आज शहरातले चित्र काय आहे? चार गल्ल्यांवर असलेल्या मशिदीपर्यंतही माणसे मोटारसायकलने जातात. देवळात जाणाऱ्यांचे आणि भाजी आणायला निघालेल्यांचेही तेच. आठवड्याला दीडशे मिनिटे भरभर चालावे, असा डॉक्टरांचा सर्वसाधारण सल्ला असतो. दिवसाला तीस मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, असा तो हिशेब. तरावीहला चालत जाऊन चालत आले तर यातला मोठा भाग वेगळा वेळ न काढता पूर्ण होतो. रोजाच्या दिवसांत भर दुपारी उन्हात दमवणारा व्यायाम करू नये. इफ्तारनंतर तासाभराने चालणे उत्तम. महिनाभर पायी जाण्याची सवय लागली, तर ईदनंतर गाडीची किल्ली खुंटीवरच राहू द्यावी.

तंबाखूबद्दल तर स्पष्टच बोलायला हवे. महाराष्ट्रात सिगारेट-बिडी ओढणाऱ्यांपेक्षा तंबाखू खाणारे आणि मिश्री लावणारे लोक कितीतरी जास्त आहेत. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुड्यांचा कचरा गल्लोगल्ली दिसतो. खाल्लेल्या तंबाखूतले निकोटीनही हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढवतेच. तेरा तास थांबलेला माणूस इफ्तारचा खजूर गिळतो आणि नमाजनंतर मशिदीच्या कोपऱ्यावर पहिली सिगारेट पेटवतो, हे दृश्य कुणाला नवीन नाही. दिवसभराचा सर्वांत अवघड भाग त्याने पार पाडलेला असतो. त्यानंतरच्या रात्रीत झोपेचे तास वजा केले तर निभावायचे तास थोडेच उरतात. सिगारेट सोडल्यावर एका वर्षात हृदयविकाराचा जादा धोका जवळपास निम्म्यावर येतो. एवढा फायदा देणारी गोळी अजून कोणत्याही मेडिकलमध्ये मिळत नाही.

झोपेकडे तर कोणी सवय म्हणून पाहतच नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ मध्ये हृदयाच्या आरोग्याच्या आपल्या यादीत झोपेचा समावेश केला. मोठ्या माणसाला सात ते नऊ तास झोप हवी. रमजानमध्ये झोपेचे तुकडे होणारच. पण तरावीहनंतर रात्री दोनपर्यंत बाजारात आणि मोबाइलवर जागून, सहेरी करून झोपणे, हा महिन्याचा भाग नव्हे. इशा आणि तरावीहनंतर लगेच झोपले, दुपारी अर्धा-पाऊण तास आडवे झाले, तर नोकरी-धंदा सांभाळूनही झोप भरून निघते. रागाचेही तसेच. रोजाच्या अवस्थेत भांडण टाळावे, कोणी अंगावर आले तरी गप्प राहावे, ही शिकवण लहानपणापासून मिळते. मनावरचा ताण हृदयाच्या शत्रूंच्या यादीत आहेच. मग ती शिकवण संध्याकाळच्या रहदारीत आणि दुकानाच्या गल्ल्यावरही पाळावी.

आता ज्यांना हृदयाचा आजार आधीपासून आहे, त्यांच्याविषयी. बीपीची, साखरेची किंवा रक्त पातळ करणारी गोळी ‘रोजा आहे म्हणून’ परस्पर बंद करणारे लोक दरवर्षी दिसतात. हे अत्यंत धोक्याचे आहे. बऱ्याच गोळ्यांच्या वेळा सहेरी आणि इफ्तारला बसवता येतात, पण ते काम डॉक्टरांचे. डॉक्टरांनी रोजा ठेवू नका म्हटले तर त्यात कमीपणा नाही. आजाऱ्याला आणि प्रवाशाला रोजातून सूट कुरआननेच दिली आहे. बरे झाल्यावर रोजे भरून काढता येतात. ज्याला ते कधीच शक्य नाही, त्याने फिदिया म्हणून गरिबाला जेवू घालावे. दिलेली सूट नाकारून जीव धोक्यात घालणे याला धर्मनिष्ठा म्हणता येत नाही.

छातीत दाब वाटणे, हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे जाणारी कळ, दम लागणे, थंड घाम ही लक्षणे दिसली तर ‘उपाशीपोटी गॅस झाला असेल, मगरिबला अर्धाच तास उरलाय’ असे म्हणत थांबू नये. तो अर्धा तास हृदयाच्या स्नायूचा असतो. त्यात मेलेला स्नायू परत येत नाही. तत्काळ रोजा सोडून १०८ ला फोन करावा आणि ईसीजी निघेल अशा दवाखान्यात पोहोचावे. शेजारी कोणत्याही धर्माचा असो, त्याने गाडी काढावी.

हे सगळे बोलताना घरातली एक व्यक्ती नेहमी राहून जाते. दुपारी तीनपासून चुलीपुढे उभी असलेली, सगळ्यांचे वाढून झाल्यावर उरलेले थंड ताट घेणारी, सहेरीला सर्वांत आधी उठणारी आणि रात्री सर्वांत शेवटी झोपणारी. तिचाही रोजा असतोच. बाईच्या हृदयविकारात छातीतली कळ दर वेळी ठळक नसते. कधी नुसता थकवा, मळमळ, पाठदुखी किंवा दम लागणे एवढेच असते, आणि घरात त्याला ‘कामाने थकली’ म्हटले जाते. दस्तरखानावरचे तळणाचे चार प्रकार कमी झाले, तर घरातल्या सगळ्यांच्या हृदयाबरोबर तिचे दोन तासही वाचतील. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची बीपी आणि शुगर सरकारी आरोग्य केंद्रात तपासली जाते. या रमजानमध्ये घरातल्या पुरुषाने आधी तिला तिथे न्यावे.

काही गोष्टी मात्र एकट्या घराच्या हातात नसतात. मशिदीतली सामूहिक इफ्तार, मंडळांची आणि पुढाऱ्यांची इफ्तार पार्टी, मोहल्ल्यातल्या दानशूर लोकांनी पाठवलेल्या थाळ्या, यांत काय वाढले जाते ते पाहून घरातले ताट ठरते. मशिदीच्या कमिटीने ठरवले की थाळीत भज्यांऐवजी चणे आणि फळे येतील, तर पुढच्या आठवड्यात तेच गल्लीत दिसेल. इफ्तार पार्टीला येणाऱ्या हिंदू मित्रांनाही तळलेल्या पदार्थांचा डोंगर नको असतो. आदरातिथ्य पदार्थांच्या संख्येत मोजायचे, हा समज यजमानांनीच मोडायला हवा. एखाद्या शुक्रवारी नमाजनंतर मशिदीच्या आवारात बीपी तपासणी ठेवली आणि ती शहरातल्या सर्वांसाठी खुली केली, तर त्यासारखे दुसरे पुण्याचे काम नाही.

ईदच्या सकाळी शीरखुर्मा सगळ्यांनी खावा, शेजाऱ्यांनाही द्यावा. वर्षातून एकदा त्याचा हक्क आहेच. मात्र त्या दिवशी दुपारी पहिली सिगारेट पेटवण्याआधी, मशिदीपर्यंत गाडी काढण्याआधी, ताटात मीठ वाढून घेण्याआधी रोजेदाराने थोडे थांबावे. तीस दिवस त्याने स्वतःला ‘नाही’ म्हणून दाखवले आहे. शव्वालच्या पहिल्या दिवशी ती ताकद संपून जात नाही. ज्याने महिनाभर सूर्याच्या घड्याळाप्रमाणे स्वतःला आवरले, त्याला उरलेले अकरा महिने एक चमचा मीठ आणि अर्धा तास चालणे अवघड का जावे?